गॅलरीतली नवी दोरी

आज सकाळी हे स्टुलावर चढून गॅलरीत कपड्यांसाठी नवी दोरी बांधत होते. आत हॉलमध्ये सामान भरायची खोकी पडलेली. रिटायर झालो, आता पुढच्या महिन्यात लेकीच्या शहरात, तिच्याच सोसायटीत राहायला जायचं ठरलं होतं.

"अहो, जायचंय ना आपल्याला?" मी विचारलं.

"तिथे गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत म्हणे. बिल्डिंगची शोभा जाते," गाठ आवळत ते म्हणाले.

मी समोरच्या इमारतीकडे पाहिलं. एका दोरीवर इवलीशी झबली, शेजारी शाळेचा गणवेश, वरच्या मजल्यावर एकटंच धोतर. कुणाकडे पाहुणे आलेत, कोण माहेरी गेलंय, सगळं या दोऱ्याच सांगतात. जन्मभर धुतलं, पिळलं, वाळवलं. त्याची आता लाज वाटून घ्यायची? आपण राहतोय हे कुणाला दिसूच नये, अशा घरात राहायचं तरी कशाला?

यांनी आपला पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा दोरीवर टाकला. लेकीला काय सांगायचं ते संध्याकाळी बघू. मी बादलीतली साडी झटकली आणि नेहमीसारखी चौघडी न करता, पूर्ण उलगडून रस्त्याच्या बाजूला सोडली. दिसू दे.