गाणी जास्त, जाहिराती कमी

कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. खासगी एफएम नवीन असताना त्यांनी एका रेडिओ कंपनीचे शेअर्स घेतले, आणि तेव्हापासून त्या रेडिओ गाण्यांसाठी नव्हे, तर जाहिरातींसाठी ऐकू लागल्या. सलग गाणी लागली की त्यांचा चेहरा उतरायचा. "अहो, नुसती गाणी वाजवून लायसन्सची फी कशी भरणार?" असं त्या मला विचारायच्या, जसं काही स्टेशन मीच चालवत होतो.

सदाशिव पेठेतल्या चष्मेवाल्याला त्यांनी रेडिओवर जाहिरात द्यायचा आग्रह केला. तो म्हणाला, "कशाला? ज्यांना दिसत नाही ते येतातच." बाई म्हणाल्या, "दिसत नाही म्हणूनच ते रेडिओ ऐकतात." त्याने खरंच महिनाभर जाहिरात दिली.

एकदा मीही ते शेअर्स घेऊ का, असं विचारलं. त्यांनी रेडिओ बारीक केला. "मुळीच नको. तुमची आयटीतली नोकरी नवी, डोक्यावर घराचे हप्ते. मी हौसेनं घेतलेत. बुडाले तरी मला पेन्शन आहे."

पुढे कंपनीनं पुण्यातलं स्टेशन बंद केलं आणि त्या शेअर्सना कोणी विचारेना. मी भेटायला गेलो. चहा देत त्याच म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. रोज सकाळी बडबडायचा ना, तो निवेदक आता काय करणार? तुमच्या कंपनीत बघा ना त्याच्यासाठी काही."