काचेबरोबर गेलेले चेहरे

“काच कोणी काढली?” मी विचारलं.

मुळशीतल्या एका सैनिकी प्रशिक्षण शाळेच्या ऑफिसात मी उभा होतो. जुने फोटो जपणं, दुरुस्त करणं हे माझं काम. टेबलावर शाळेचा जुना ग्रुप फोटो होता. कुणा बड्या साहेबांची व्हिजिट; खुर्चीवर साहेब, मागे रांगेत इन्स्ट्रक्टर. त्या मागच्या रांगेत आता चेहऱ्यांच्या जागी नुसता पांढरा कागद होता.

जुन्या फोटोतलं चित्र कागदात नसतं. ते कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. इथल्या पावसाळ्यात तो थर फुगतो आणि काचेला चिकटून बसतो. मग इलाज एकच. काचेला हात लावायचा नाही, वरूनच कॉपी काढायची. त्यासाठीच मी आधी एकदा कॅमेरा घेऊन आलो होतो. हेडक्लार्क म्हणाले, “प्राचार्यांच्या परमिशनशिवाय कॉपी नाही. वरच्या साहेबांची व्हिजिट आहे, आधी ती होऊ द्या.”

“ठीक आहे. पण तोवर फ्रेम उघडू नका,” मी बजावलं.

“छे हो!”

पण व्हिजिट म्हटलं की या लोकांच्या अंगात येतं. जे हलत नाही त्याला चुना आणि गेरू. झाडं रंगली, दगड रंगले, फोटोंना नव्या सोनेरी फ्रेमा आल्या. जुनी काच निघेना, म्हणून ओढली; चिकटलेले चेहरे तिच्याबरोबर निघून आले.

“काच कुठंय?”

“फुटली, सर. कचऱ्यात गेली,” हेडक्लार्क म्हणाले. व्हिजिटला आलेले साहेब मात्र फोटोंकडे फिरकलेच नाहीत. चहा घेतला आणि गेले. माझं डोकंच फिरलं, पण ओरडून काय होणार होतं?

बाहेर बाकावर जवळच्या मुठा गावच्या सरूबाई बसल्या होत्या. त्यांचे वडील इथे ड्रिल शिकवणारे हवालदार. सरूबाई रांगत होत्या तेव्हाच ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. या एका फोटोच्या कॉपीसाठी म्हातारी इथे खेटे घालत होती.

“गावलं का सर, आमचं आप्पा?”

मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. खाली छापलेलं नाव दाखवलं. नाव शाबूत होतं. त्यांचं बोट नावावरून वर सरकलं.

“बूट हायेत. पट्टा हाय. तोंड कुटं हाय?”

मी सगळं सांगितलं. सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.

“कॉम्प्युटरवर काढा की. आता समदं निगतं म्हनं.”

“निघेल, सरूबाई. पण तो चेहरा आप्पांचा नसेल. दुसऱ्याच कुणाचा तरी असेल.”

त्यांनी त्या पांढऱ्या कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, “मला कुटं कळनार हाय? मी कवा बघितलंय त्यास्नी?”

मी तो चेहरा काढून दिला नाही. आमच्या धंद्यात तसं करत नाहीत. सरूबाई बुटांची कॉपी घेऊन गेल्या.

तेव्हापासून मी कुठेही गेलो की आधी कॉपी काढतो. परमिशन नंतर मागतो.