वत्सलाची चक्कर

साड्यांवर खडे चिकटवण्यात अख्ख्या लिंबायत वस्तीत वत्सलाचा हात धरणारं कोणी नव्हतं. काय ती बोटं! पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. पण एका सकाळी तिनं कूस बदलली आणि खोली गरकन फिरली. त्या दिवसापासून पायाखालच्या जमिनीचा भरवसा गेला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कानाचा दोष आहे, व्यायामानं जाईल. पण आता चक्कर नसतानाही तुम्ही तिला भिता. भीतीनं तोल जातो, तोल गेला की भीती वाढते. मंगळवारी इथंच मनाच्या डॉक्टरांना भेटा."

नवरा, रामदास, फिदीफिदी हसला. "मन? दोन टाइम जेवस, झोपस. नाटकं बंद कर!"

तिचा जिना सुटला, बाजार सुटला, रिक्षा सुटली. मंगळवारची आशा तेवढी उरली.

त्याच्या आदल्याच दिवशी कानबाईचं विसर्जन होतं. देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन तापीवर न्यायचा मान यंदा त्यांच्या घराचा. मोठी जाऊ, शोभाबाई, चौरंग घेऊन तिच्यापुढे आली.

"माले नको वो, मी पडसू."

"कानबाई से ना सांभाळाले!" म्हणत शोभाबाईनं चौरंग तिच्या डोक्यावर ठेवलाच.

बँड वाजला, बाया नाचू लागल्या, आणि वत्सला भेलकांडली. चौरंग कुणीतरी वरच्यावर झेलला.

"आई उनी! अंगात कानबाई उनी!" बाया ओरडल्या.

"चक्कर यी ऱ्हायनी माले! धरा कोनी!"

"देवी कधी सरळ बोलस का?" म्हणत शोभाबाईनं तिच्या कपाळावर मूठभर कुंकू थापलं. कुणी मुलाच्या नोकरीचं विचारलं, कुणी सुनेच्या पाळण्याचं. सगळ्यांत पुढे हात जोडून उभा होता रामदास.

मंगळवारी ती निघाली, तर तो दारात आडवा.

"देवीले दवाखाना?" इतक्या अदबीनं म्हणाला की त्यापेक्षा त्याची शिवी बरी.

त्याला बाजूला सारून ती बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी घरं कलली, छाती धडधडू लागली. आधाराला तिनं समोरच्या शेजारणीच्या खांद्याकडे हात नेला. शेजारीण चटकन वाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवती झाली. मागून आणखी दोघी वाकल्या. वत्सलाचा हात हवेतच राहिला.

भिंत चाचपत ती घरी परतली. ओट्यावर बाया नारळ घेऊन रांगेत बसल्या होत्या.