इनामगावची पांढर आणि रजयांखालची फाईल

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि दरवर्षी फळ्यावर 'इनामगाव' असं ठळक लिहिलं. घोड नदीचा काठ, तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी, मातीची घरं, कालवा. परीक्षेत हमखास येणार म्हणून खाली दोन रेघा. गाव मात्र कधी पाहिलं नाही, पुण्याहून जेमतेम नव्वद किलोमीटर असून! निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर माझा मुलगा सलील म्हणाला, "आई, रविवारी तुला नेतोच. नंतर राहून जाईल."

'नंतर' म्हणजे काय ते आम्हां दोघांनाही कळत होतं. त्याला कॅनडात नोकरी मिळाली होती. सोमवारी पदवीची मूळ प्रमाणपत्रं दाखवून होकार कळवायचा होता आणि प्रमाणपत्रांची फाईल आठवडाभर सापडत नव्हती. "शोधते हं," असं मी रोज म्हणत होते. फाईल माझ्या कपाटात रजयांखाली होती. मीच ठेवली होती. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

सकाळी साडेसहाला निघालो. हडपसर ओलांडलं की रस्ता मोकळा मिळतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मांजरी ते लोणी काळभोर आम्ही उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत गेलो, त्यामुळे हिवाळ्यात जाणार असाल तर सहाच्या आत घर सोडा. यवतजवळ मिसळ खाल्ली, दोघांची दीडशे रुपयांत, झणझणीत. "रस्सा अजून मिळेल का?" विचारलं तर मालक म्हणाले, "मिळेल. आधी वाढलेला संपवा." पुणं अजून मागे पडलं नव्हतं तर! चौफुल्याला डावीकडे वळून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की गर्दी संपते. शेवटचा टप्पा अरुंद आहे, गाडी सावकाश चालवा.

इनामगावात पोहोचलो, पण आम्हाला तरी कुठे पाटी दिसली नाही. पारावरच्या एका गृहस्थांना "उत्खनन कुठे झालं होतं?" असं शुद्ध भाषेत विचारलं. ते गोंधळले, मग एकदम हसले. "पांढर म्हना की! ती काय, नदीच्या अंगाला."

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखेमुळे पांढुरकी झालेली जमीन. तिथे पोहोचलो तर समोर कांद्याचं शेत, पलीकडे ऊस. खणलेले खड्डे कधीच बुजवलेले. "आई, हेच?" सलील म्हणाला. मी खट्टू झाले, पण शाळेतल्या बाईपणाला जागून म्हटलं, "इतिहास जमिनीखाली असतो, रे."

कांदा खुरपणाऱ्या एका बाईंनी मान वर केली. "खापरं बघाया आला व्हय?"

या हौसाबाई. उत्खनन चालू होतं तेव्हा पोरवयात इथेच मातीच्या पाट्या वाहायच्या. त्यांनी ढेकळांतून एक लालसर तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. त्यावर काळ्या रंगाच्या दोन रेघा होत्या आणि दुसरी मध्येच वाकडी गेली होती. कुणीतरी हाक मारली असेल, हात हलला असेल. त्या वाकड्या रेघेवरून मी बोट फिरवलं. फळ्यावर मी 'ते लोक' म्हणायचे. हे तर कुणीतरी एक माणूस होतं.

"ह्या अंगाला त्यांचा पाट व्हता," हौसाबाईंनी खुरप्याने दाखवलं. "पुराचं पानी त्यात घ्यायचं."

पुस्तकात एक ओळ होती: लोकांनी कालवा खोदला. तिथे उभं राहिल्यावर कळलं की त्या ओळीत केवढं काय आहे. लोखंडाची कुदळ नाही, मोजायला फूटपट्टी नाही, आणि तरी एका सकाळी गावाने ठरवलं की नदीला आपल्या रानात आणायचं. पाणी आधी कुणाला, यावर भांडणं झाली असणार, कुणीतरी ती मिटवली असणार. हौसाबाईंच्या कांद्यालाही पाटाचंच पाणी चाललं होतं.

मग मी शिकवलेलं एक वाक्य आठवलं. "माणसं घरातच पुरायचे ना?"

"व्हय. घरातल्या जमिनीखाली. मोठ्या मानसांस्नी पाय नसायचं, घोट्यापास्नं तोडल्यालं. खोदकामावरचं साहेब सांगायचं, मेलेलं मानूस घर सोडून जाऊ नये म्हनून." त्या पुन्हा खुरपायला लागल्या. "पर गेलीच की सगळी. पाऊस हटला, पिकंना, तवा जित्ती मानसं उठली आन् गेली. बिनपायाची तेवढी हितं राह्यली."

पाय तोडणं एका तासाला शिकवायचे, वस्ती उठणं दुसऱ्या तासाला. दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलंच नव्हतं.

"तुमी कुटं असता, दादा?" त्यांनी सलीलला विचारलं.

"आत्ता पुण्यात," तो म्हणाला.

तुकडा जिथला तिथे ठेवला. तुम्हीही ठेवा, अशा वस्तू घरी आणायच्या नसतात. उसाच्या सावलीत डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. जवळपास हॉटेल दिसलं नाही, तेव्हा पाणी आणि डबा सोबत असू द्या. परतीच्या वाटेवर मनात ती बिनपायाची माणसंच होती. त्या लोकांनी निदान माणूस मेल्यावर पाय तोडले होते. मी जित्या पोराचे तोडायला निघाले होते, तेही लपूनछपून. मला माझीच भयंकर लाज वाटली.

घरी आल्यावर चपलाही न काढता कपाट उघडलं आणि फाईल त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"रजयांखाली होती. मीच ठेवली होती."

"माहीत होतं मला," सलील म्हणाला. "मंगळवारीच दिसली, पांघरूण काढताना."

"मग घेतली का नाहीस?"

"तू द्यावीस म्हणून थांबलो होतो."

त्याला जाऊन आता दोन महिने झाले. इनामगावला काय पाहायचं, असं कुणी विचारलं तर मी सांगते, कांद्याचं शेत, आणि हौसाबाई भेटल्या तर त्यांच्याशी बोला. विमानतळावर काचेपलीकडे जाताना त्याने हात हलवला, तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघत होते. चांगली लांब टांग टाकत गेला.