रिव्हर्सचा आवाज

बाबांची जुनी गाडी विकण्याआधी तिचा रिव्हर्समधला तो रडका आवाज एकदाचा घालवावा, म्हणून मी ती प्रताप नगरच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उंच, किडकिडीत माणूस. बोलण्याआधी फडक्याने एकेक बोट पुसायची त्याला सवय होती.

"हे काही दुरुस्त नाही होत, भाऊ. हा बिघाडच नाही," तो म्हणाला.

मग त्याने पुसलेली बोटं तिरपी करून एकमेकांत अलगद सरकवली. "समोर जायच्या गिअरचे दाते असे तिरपे राहते. एक दाता सुटाच्या आधीच दुसरा धरते, म्हणून आवाज नाही." नंतर बोटं सरळ करून त्याने खटकन भिडवली. "रिव्हर्सचे सरळ. पुरा दाता एकदम भिडते. नवी होती तवाबी अशीच बोलत असन. तुमी खाली उतरून ऐका."

तो स्टिअरिंगवर बसला. गॅरेजच्या अंगणात गाडी मागे येऊ लागली, तसा आवाज चढत गेला.

"गेट काहून उघडून राहिले, भाऊ?" त्याने खिडकीतून डोकं काढलं. "मले बाहेर नाही जायचं."

माझा हात फाटकाच्या कडीवर होता. शाळेत असताना रोज संध्याकाळी हा आवाज आला की मी असाच फाटक उघडायला धावायचो. बाबा गाडी नेहमी मागे घेतच अंगणात आणायचे.

मी कडी लावली. गाडी विकायची आहे, गिऱ्हाईक असेल तर बघा, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.