आधी नाव सांगा

सोमवारी माझी बायको डिचोलीच्या इस्पितळात वारली. तिथली एक नर्स प्रत्येक औषधाआधी तिला नाव विचारायची आणि मनगटावरची पट्टी वाचायची.

"रोज विचारतेस, सोयरीक जुळवतेस काय गो?" बायको म्हणायची.

"जुळवते बाय, आधी नाव सांगा."

वॉर्डातल्या खाटा बदलल्या त्या दिवशी बायकोने ग्लानीत लग्नाआधीचं नाव सांगितलं, शेवंती. नर्सच्या हातातलं इंजेक्शनही शेवंतीच्याच नावाचं होतं.

"बरोबर, माहेरचं नाव तिचं. द्या," मी म्हणालो.

नर्सने तरीही पट्टीवरचं सासरचं नाव वाचलं, सुई झाकली आणि ती पलीकडच्या खाटेवरच्या दुसऱ्या शेवंतीकडे गेली. बायको आणखी काही दिवस माझ्याशी बोलली.

आता घरी रक्तदाबाची गोळी मी घेतो. आधी नाव कोणी विचारत नाही.