सुमनकाकूंच्या घरातली चौथी खोली

घर स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं. फाइल इंपोर्ट झाली होती, एरर एकही नव्हता आणि समोर कोरी स्क्रीन. शेजारच्या खुर्चीवर सुमनकाकू बसल्या होत्या, पायाशी रिकामी टोपली. कारंज्याच्या बाजारात भाजी संपवून त्या थेट माझ्या ऑफिसात आल्या होत्या, लेकानं काढलेलं घर बघायला.

"दिसून नाही राह्यलं का, भाऊ?"

"दिसेल. थांबा जरा."

त्यांचा गजानन मस्कतला एका बांधकाम कंपनीत इमारतींची मॉडेलं बनवतो. सहा वर्षांत दोनदा घरी आला. गावाबाहेरच्या भाजीच्या वाडीत आईसाठी घर बांधायचं त्यानं मनावर घेतलं आणि डिझाइनही स्वतःच केलं. मंजुरीचे नकाशे आणि साइट माझ्याकडे. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, माझं वेगळं. एकाची फाइल दुसऱ्यात उघडत नाही. अशा वेळी ओपन फॉरमॅट वापरतात, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येईल अशी सामाईक फाइल. तिच्यात नुसत्या रेघा नसतात. ही भिंत, हे दार, ही खोली, अशी प्रत्येक वस्तूची ओळख असते. निदान तशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हे काम बिऱ्हाड हलवण्यासारखं आहे. काहीतरी फुटतं आणि एखादी पिशवी सापडतच नाही.

घर सापडलं ते शून्यापासून, म्हणजे स्क्रीनवरच्या आरंभबिंदूपासून, शेकडो किलोमीटर दूर. आम्ही लोक मॉडेल आधी शून्यावर काढतो, जागेवर नंतर बसवतो. गजाननानं तसं केलं नव्हतं. मस्कतला बसून त्यानं नकाशावर आपली वाडी शोधली होती आणि घर नेमकं तिथंच, विहिरीच्या अंगाला ठेवलं होतं. विहीरही काढली होती. शेवग्याचं झाड काढलं होतं, त्याची एक फांदी गोठ्यावर आलेली. मंजुरीला यातल्या कशाचीच गरज नसते. त्या फांदीकडे बघून मला भरून आलं. इतकी आठवण काढणारा माणूस तिकडे एकटा काय करत असेल, असं वाटलं.

मॉडेल ओढून शून्यावर आणलं. छप्पर एक ठोकळा होऊन आलं होतं. खिडक्यांची नुसतीच भोकं. खोल्यांची नावं गायब.

"इकडून तिकडे येताना काही गोष्टी वाटेत गळतात, काकू," मी म्हणालो. हे वाक्य मी प्रत्येक क्लायंटला इतक्या सहज ऐकवतो की त्याचा विचारही करत नाही.

मॉडेल फिरवून त्यांना आतून घर दाखवलं. त्या बोटांवर मोजत होत्या.

"हे बैठक. हे सैपाकघर. हे माही खोली. अन् गजूची कुठी हाये?"

मी खालून वर, वरून खाली पाहिलं. नव्हती.

"वाटेत गळली असन," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमीच मनलं ना आता."

गुरुवारी आखणी होती. आखणी म्हणजे जागेवर चुन्याच्या रेघा मारणं. त्याच रेघांवर खोदाई होते. एकदा पाया भरला की खोली वाढवणं म्हणजे नवी उस्तवार. जे काही असेल ते त्याआधी कळायला हवं होतं.

ओपन फॉरमॅटमध्ये खोली ही वेगळी वस्तू असते. भिंतींमधली मोकळी जागा, तिला स्वतःचं नाव. माझ्या इंपोर्टच्या सेटिंगमध्ये नेमक्या खोल्याच बंद होत्या. सेटिंग बदललं, पुन्हा इंपोर्ट केलं. नावं आली. बैठक, स्वयंपाकघर, आई. मग मूळ फाइल एका फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडून यादी पाहिली. बैठक, स्वयंपाकघर, आई. काकू स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"फाइल पुन्हा मागवतो," मी धडधडीत खोटं बोललो. त्या टोपली उचलून निघाल्या.

माझी मुलगी बंगळुरूला असते. तिच्या खोलीत मी मोठे नकाशे छापायचं मशीन ठेवलंय. दिवाळीत ती येते, बॅग त्या मशीनवर ठेवते आणि हसते. मला ते हसणं सोसत नाही.

संध्याकाळी गजाननाला फोन लावला.

"फाइल पूर्ण आहे ना रे?"

"हो सर. काही मिसिंग हाये का?"

"तुझी खोली."



"मुद्दाम नाही काढली, सर. काढली असती तं माय रोज झाडून ठेवन. रोज वाट पाह्यन. मले येनं जमन का नाही, मलेच माहीत नाही."

"वाट ती आताही बघते, गजानन. खोली नाही म्हणून थांबलेली नाही."

फोन ठेवला आणि मी एक चुकीचं काम केलं. क्लायंटनं न सांगता कुणी खोली वाढवत नाही. मी वाढवली. शेवग्याच्या बाजूला, दहा बाय बारा. नाव दिलं 'गजानन'. ओपन फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करून त्याला पाठवली आणि लिहिलं, नको असेल तर बुधवारपर्यंत काढून टाक.

बुधवारी दुपारी फाइल परत आली. सोबत एक शब्दही नाही. इंपोर्ट केली. पहिल्यांदा यादी पाहिली. खोल्या चार होत्या. मी त्या खोलीला दिलेली खिडकी त्यानं विहिरीकडे सरकवली होती. बाकी सगळं तसंच, फक्त नाव बदललं होतं. 'गजानन'च्या जागी 'पाहुणे'.

गुरुवारी साइटवर काकूंच्या हातात प्रिंट दिली. चष्मा लावून, अक्षरांवर बोट ठेवत त्यांनी चारही नावं वाचली. चौथ्या नावावर बोट थांबलं. मी उगाच टेप उलगडत बसलो.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"पाहुना तं पाहुना," त्या म्हणाल्या. "येईन तं खरा." मग मिस्त्रीकडे वळल्या. "ते खोली अगुदर आख रे बापू."

चुन्याची पहिली रेघ त्याच खोलीची पडली. इंपोर्टनंतर भिंतींआधी खोल्यांची यादी वाचावी, एवढं मी त्या कामात शिकलो. आणि ती वाचताना क्लायंट शेजारी नसावा, हेही.